चार फूट आणि एक वर्ष

मंडळी, गोल्फचं मैदान आपल्या जळगाव जामोदला नाही, तरी आजचं उदाहरण मी तिथूनच घेतो. प्रश्न जुनाच आहे: माणसाला जोखायचं कशावरून, कृतीवरून की फळावरून?

अनिर्बान लाहिरी हा व्यावसायिक गोल्फर. जन्म १९८७चा, पुण्यातला. वडील लष्करात डॉक्टर. २०१५ हे त्याचं वर्ष. फेब्रुवारीत मलेशियन ओपन जिंकली, आणि त्याच महिन्यात दिल्लीची इंडियन ओपन. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी, तो पुढे. दिल्लीत शेवटच्या दिवशी सकाळी लाहिरी चौरसियापेक्षा सात फटक्यांनी मागे होता, तरी बरोबरी गाठली आणि जादा होलवर जिंकला. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा. अशा मोठ्या स्पर्धेत तोवर कुठल्याही भारतीय पुरुषानं एवढी मजल मारली नव्हती.

आता ऑक्टोबर बघा. कोरियात प्रेसिडेंट्स कप. एकीकडे अमेरिका, दुसरीकडे युरोप सोडून बाकीचं जग. त्यात खेळणारा लाहिरी पहिलाच भारतीय. इथे लढत जिंकली की एक गुण, बरोबरी झाली तर दोघांना अर्धा अर्धा. शेवटच्या होलवर लाहिरी आणि ख्रिस कर्क बरोबरीत. कर्कनं पंधराएक फुटांवरून चेंडू आत घातला. लाहिरीचा चेंडू जेमतेम चार फुटांवर. तो गेला असता तर बरोबरी. गेला नाही, काठाला लागून बाहेर आला.

शेवटचा निकाल अमेरिका १५½, बाकी जग १४½. अर्धा गुण इकडचा तिकडे करून पाहा: १५-१५!

म्हणून ते चार फूट लोकांच्या डोक्यात बसले. मला हा हिशेब कच्चा वाटतो. लढती एकूण ३० होत्या. हरलेल्या प्रत्येक लढतीत कुणीतरी अर्धा गुण गमावलाच होता ना? पण तो आधी गेला, म्हणून दिसला नाही. आपणही कपाशीचं सगळं खापर शेवटच्या पावसावर फोडतो, पेरणी लांबली होती ते विसरतो.

शिवाय क्रिकेटमध्ये बॉलरकडे बोट दाखवता येतं. इथे चेंडू जागेवर स्थिर, समोरून कुणी टाकत नाही. त्यामुळे फळ सर्वस्वी आपल्याच हातात आहे असा भास होतो. उताराला आणि गवताला कोण विचारतं!

लाहिरी विपश्यना करतो, इगतपुरीमुळे आपल्याला ठाऊक असलेली तीच. वर्ष संपलं तेव्हा आशियाई टूरच्या क्रमवारीत पहिलं नाव त्याचंच होतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.