परदेशी शिष्यवृत्ती आणि आपला प्रश्न

बाबासाहेब परदेशात शिकले हे आमच्या पाबळच्या वस्तीत प्रत्येक घराला ठाऊक आहे. परंतु ते कोणाच्या पैशावर गेले, त्या पैशाला कोणत्या अटी होत्या आणि आज आपल्या मुलामुलींना तो रस्ता धरायचा झाला तर काय करावे लागते, हे सांगणारा माणूस गावात सापडत नाही. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. मलाही हे कोणी सांगितले नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त घडले ते एका जुन्या विद्यार्थिनीचे. आमच्याकडे बी.ए. करून तिने पुण्यात एलएल.बी. आणि एलएल.एम. केले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या खटल्यांत साक्षीदार का फुटतात, ह्या विषयावर तिला इंग्लंडमध्ये डॉक्टरेट करायची आहे. ह्या १९८९च्या कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले आणि पीडितांचे व साक्षीदारांचे हक्क लिहिले गेले. कागदावरचा हा हक्क गावच्या पारावर येईपर्यंत त्याचे काय होते, हा तिचा प्रश्न. घरी आली तेव्हा तिच्या हातात केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची नियमावली होती आणि एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. ती म्हणाली, "सर, विषय बदलू का?"

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम.ए. झाले, तो प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर व अर्थव्यवहारावर होता. १९१६च्या मे महिन्यात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये व अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. करारानुसार बडोद्याला रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. १९२० साली स्वतःची बचत, मित्र नवल भथेना यांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत एवढ्या आधारावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती पडली ती १९२७ साली. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती, पदवीला चौदा वर्षे लागली. आपल्या भाषणांतून आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो. ती मुदतीची आणि अटींचीही गोष्ट आहे, हे सांगत नाही.

आता आजची व्यवस्था पाहू. कायद्यातील डॉक्टरेटला इंग्लंडमध्ये बहुधा पीएच.डी. म्हणतात, ऑक्सफर्डमध्ये डी.फिल. आणि अमेरिकेत जे.एस.डी. किंवा एस.जे.डी. त्यापूर्वी साधारणतः एलएल.एम. झालेले असावे लागते. तासांना बसण्यापेक्षा मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली स्वतः संशोधन करणे हेच मुख्य काम असते. म्हणून आधी आपल्या प्रश्नावर कोणी प्राध्यापक काम करतो का, ते शोधावे. मग संशोधनाचा आराखडा लिहावा. प्रश्न कोणता, त्यावर आजवर काय लिहिले गेले, पुरावा कसा गोळा करणार आणि हे त्याच विद्यापीठात का, एवढे त्यात स्पष्ट हवे. पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी आदल्या हिवाळ्यातच अर्ज करावा लागतो. शिष्यवृत्तीच्या तारखा निराळ्या असतात. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आयत्या वेळी मिळतील ह्या भरवशावर राहू नये.

पैशाच्या मुख्य योजना दोन. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. अलीकडे तिच्या जागा १२५ होत्या आणि त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. वय ३५ च्या आत, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, गुण किमान ६० टक्के अशा तिच्या अटी. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ साली सुरू झाली. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून अलीकडे तिच्या जागा ७५ होत्या. तिचे काम पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालते. दोहोंची त्या त्या वर्षीची पत्रके शेजारी ठेवून वाचावीत, कारण अटी बदलतात. निवड झाली म्हणजे पैसा आला असेही समजू नये. २०२५ साली केंद्राच्या योजनेत १०६ जणांची निवड झाली, पण प्रथम पत्रे गेली ती ४० जणांनाच. बाकीच्यांना निधी असेल तसे पाहू, असे सांगण्यात आले.

आता त्या रेघेखालचे वाक्य. २०२२च्या नियमावलीत असे आले की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय ह्या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. अशा विषयांची साधने व जाणकार देशातच आहेत, असे त्याचे समर्थन झाले. कायद्याचा अभ्यास हा सामाजिक अभ्यास धरायचा की नाही, हे फाईल हाताळणाऱ्यांनी ठरवायचे!

साधने इथे आहेत हे खरे. १९१६ सालीही जातीची साधने इथेच होती, न्यूयॉर्कला नव्हती. तरी तो निबंध तिथे वाचला गेला. जिथे मार्गदर्शक, परीक्षक आणि शेजारी बसणारा विद्यार्थी ह्यांपैकी कोणीच आपले आडनाव ऐकून आपली जागा ठरवत नाही, तिथे प्रश्न वेगळ्या धिटाईने विचारता येतो. चीनने १९९६ साली शिष्यवृत्ती परिषद स्थापन केली. तिच्या पैशावर परदेशात डॉक्टरेट करणाऱ्याला परत येऊन दोन वर्षे देशात राहावे लागते. बडोद्याने दहा वर्षे मागितली होती. माणूस परत मागणे समजू शकते. पण आपल्याच समाजाविषयीचा प्रश्न सीमेवर ठेवून जा, असे दलित विद्यार्थ्याला सांगणे म्हणजे त्याची पदवी मान्य करून त्याचा अनुभव नाकारणे होय.

मी तिला म्हणालो, "विषय बदलू नकोस. साक्षीदारांचे संरक्षण हा इंग्लंड-अमेरिकेतल्या न्यायालयांपुढचाही प्रश्न आहे. तीन देशांचे कायदे शेजारी ठेव, त्यात आपला ठेव." ही थोडीफार तडजोड आहे, हे मी लपवत नाही. ती म्हणाली, "पण सर, साक्षीदार आपल्याच गावचे राहतील." मी हो म्हटले.

तिच्यापुरता रस्ता निघेलही. परंतु ज्याला असा आडरस्ता सुचवणारे कोणी नाही, तो विषय तरी बदलेल किंवा अर्जच करणार नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी हे वाक्य काढून टाकण्याची मागणी सातत्याने लावून धरली पाहिजे. आणि माझ्यासारख्या तालुक्यातल्या शिक्षकांनी निदान दोन्ही पत्रके दरवर्षी महाविद्यालयाच्या फलकावर लावावीत, मुलांबरोबर बसून वाचावीत. बाबासाहेबांचा फोटो त्या भिंतीवर आहेच.