एसीची जागा, दुरुस्तीच्या सोयीने

सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलमध्ये स्प्लिट, म्हणजे दोन भागांच्या, एसीचा बाहेरचा भाग पुष्कळदा छज्ज्यावर किंवा भिंतीवरच्या लोखंडी ब्रॅकेटवर बसवलेला दिसतो. घरातील जागा वाचते खरी, परंतु तेथे उभे राहण्यास आधार नसल्याने साध्या सफाईसाठीही कारागिराला जीव धोक्यात घालावा लागतो. एसीच्या या बाहेरच्या भागातील कंडेन्सर, म्हणजे खोलीतील उष्णता बाहेर सोडणारी तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची आणि पातळ पत्र्यांची जाळी, खाडीकडच्या खारट, दमट हवेने गंजू शकते आणि धुळीने तुंबते, म्हणून ती बाल्कनीच्या कठड्याआत, हात पोचेल अशा जागी असणे इष्ट. मात्र बाहेरच्या भागाच्या पंख्यासमोर वाळत घातलेल्या चादरी (हे दृश्य दुर्मीळ नाही) गरम हवा अडवतात आणि तीच पुन्हा आत ओढली जाते.

आतील भाग कपाटाच्या किंवा पलंगाच्या डोक्यावर नसावा, कारण त्याचा फिल्टर काढण्यासाठी शिडी टेकवावी लागते; तसेच हवा वरून ओढली जात असल्याने छतापासून साधारण १५ सेंटिमीटर अंतर राखणे योग्य. पाण्याच्या निचऱ्याची नळी सलग बाहेरच्या बाजूस उतरती हवी, कारण तिला मध्ये झोळ पडल्यास तेथे गाळ साचतो आणि पाणी भिंतीवरून खोलीत ओघळते.