ब्रेन हॅमरेजनंतर रक्त पातळ करणारी गोळी: भीती आणि वस्तुस्थिती

एका रुग्णाला हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन आहे. डॉक्टर त्याला थोडक्यात एएफ म्हणतात. त्याच रुग्णाच्या फाइलमध्ये मागच्या एका ब्रेन हॅमरेजचाही कागद आहे. एएफसाठी रक्त पातळ करणारी गोळी हवी आणि हॅमरेजमुळे नेमकी तीच गोळी नको, अशी ही कोंडी. हृदयाचे डॉक्टर ‘सुरू करा’ म्हणतात, मेंदूचे ‘जरा थांबा’ म्हणतात. मग घरातलं कुणीतरी आपल्या अंदाजाने निर्णय घेऊन टाकतं. हे अंदाज कुठे चुकतात ते पाहू.

आधी मूळ मुद्दा. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला लागून एक छोटी पिशवी असते. तिच्यात रक्त साचतं, गुठळी होते आणि ती सुटली की थेट मेंदूकडे जाऊ शकते. एएफ असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण पाचपट असतो. मागे हॅमरेज झालं म्हणून हा धोका काही कमी होत नाही.

“एकदा मेंदूत रक्त आलंय, आता ही गोळी जन्मात नको.”

सगळ्यात पक्का बसलेला समज हाच, आणि तो निराधार नाही म्हणूनच अवघड. बरीच वर्षं डॉक्टरांकडेही याचं ठाम उत्तर नव्हतं, कारण औषधांच्या मोठ्या चाचण्यांतून असे रुग्ण सहसा वगळलेच जात. युरोपातल्या सहा देशांत झालेल्या ‘प्रेस्टिज-एएफ’ या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यात एएफ आणि मागचं ब्रेन हॅमरेज असे दोन्ही असलेले ३१९ रुग्ण होते. निम्म्यांना नव्या पिढीची रक्त पातळ करणारी गोळी दिली, निम्म्यांना दिली नाही.

गोळी न घेणाऱ्या गटात दर १०० रुग्णांमागे वर्षाला ८ ते ९ जणांना गुठळीचा पक्षाघात झाला. गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण एकापेक्षाही कमी होतं. इथे थांबलं तर गोळीचा विजय. पण पुन्हा हॅमरेज होण्याचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत १०० मागे ५ होतं आणि न घेणाऱ्यांत एकाहून कमी. हॅमरेज हे सहसा गुठळीच्या पक्षाघातापेक्षा जास्त जीवघेणं असतं, त्यामुळे ५ आणि ८ यांची सरळ वजाबाकी करून निर्णय होत नाही. ‘कधीच नको’ हे चूक आणि ‘सगळ्यांना द्या’ हेही चूक, एवढं मात्र या आकड्यांवरून म्हणता येतं.

मग कुणाला द्यायची? माझ्या मते कुटुंबाने डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न वेगळाच आहे: रक्त मेंदूत नेमकं कुठे आलं होतं?

रक्तदाबामुळे होणारं हॅमरेज बहुधा मेंदूच्या आतल्या, खोल भागात होतं. रक्तदाब आटोक्यात ठेवला तर ते पुन्हा होण्याची शक्यता बरीच घटते. वयस्कर माणसांत मेंदूच्या पृष्ठभागाजवळ होणारं हॅमरेज मात्र अनेकदा रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचल्यामुळे होतं. या आजारात पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका वर्षाला १०० मागे साधारण ७ इतका असतो, तर इतर प्रकारांत तो एकाच्या आसपास. एडोक्साबॅन या गोळीच्या ‘एनरिच-एएफ’ चाचणीत २०२३ मध्ये सुरक्षा समितीने पृष्ठभागाजवळचं हॅमरेज झालेल्या रुग्णांना घेणं थांबवायला सांगितलं, कारण त्यांच्यात पुन्हा रक्तस्राव फार होऊ लागला होता. पडून, डोक्याला मार लागून कवटीखाली रक्त साचलं असेल तर ती तिसरीच गोष्ट. ते बरं झाल्यावर गोळी पुन्हा सुरू करण्याचा विचार बऱ्याचदा करता येतो.

फाइलवर या तिन्हींना ‘ब्रेन हॅमरेज’च लिहिलेलं असू शकतं. एमआरआयमध्ये एसडब्ल्यूआय प्रकारची चित्रं काढली तर जुने सूक्ष्म रक्तस्रावही दिसतात. ती काढली आहेत का, हे विचारायला लाजू नका.

“मोठी गोळी नको, इकोस्प्रिन चालू ठेवू. काहीतरी संरक्षण राहील.”

आपल्याकडे हा मधला मार्ग फार लोकप्रिय आहे, आणि तोच सगळ्यात फसवा. इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिनच, आणि एएफमधल्या गुठळीवर अ‍ॅस्पिरिनचा परिणाम फारच तोकडा पडतो. २०११ च्या ‘अ‍ॅव्हेरोज’ चाचणीत अ‍ॅस्पिरिनच्या तुलनेत अ‍ॅपिक्साबॅन या नव्या पिढीच्या गोळीने पक्षाघात निम्म्याहून कमी केले आणि मोठा रक्तस्राव दोन्हींकडे जवळपास सारखाच राहिला. तो अभ्यास हॅमरेज झालेल्यांचा नव्हता हे खरं. पण ‘अ‍ॅस्पिरिन म्हणजे थोडी कमी ताकदीची तीच गोळी’ हा समज त्याने मोडीत काढला. स्टेंटसाठी किंवा हार्ट अटॅकनंतर इकोस्प्रिन चालू असेल तर तो प्रश्न निराळा. हॅमरेजनंतर ती पुन्हा सुरू केल्याने रक्तस्राव वाढत नसल्याचं २०१९ च्या ब्रिटनमधल्या ‘रिस्टार्ट’ चाचणीत दिसलं. तेव्हा ती स्वतःहून बंदही करू नका.

“अर्धी गोळी घेतली की अर्धाच धोका.”

नाही. कमी मात्रा कुणाला द्यायची याचे ठरलेले नियम आहेत. उदाहरणार्थ, अ‍ॅपिक्साबॅनसाठी वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यांपैकी दोन गोष्टी लागू असतील तरच. आपल्याकडची अनेक म्हातारी माणसं साठ किलोंच्या खाली असतात, त्यामुळे काहींना कमी मात्रा खरोखरच योग्य ठरते. पण ते हिशेबाने, भीतीने नव्हे.

“नवी गोळी सगळ्यांना चालते.”

नव्या गोळ्यांनी वॉरफरिन या जुन्या औषधाच्या तुलनेत मेंदूतला रक्तस्राव साधारण निम्म्यावर आणला, हे बरोबर. पण संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झाली असेल किंवा कृत्रिम धातूची झडप बसवली असेल तर त्या चालत नाहीत. अशा रुग्णांना वॉरफरिन किंवा त्याच प्रकारची अ‍ॅसिट्रॉमच लागते. २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत संधिवाती झडपांच्या रुग्णांत जुनं औषधच सरस ठरलं. आपल्या भागात असे रुग्ण अजूनही पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

“ती छत्री बसवली की गोळ्यांची कटकटच संपली.”

जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन हृदयातली ती पिशवी बंद करणारं उपकरण आता भारतातही बसवतात. पृष्ठभागाजवळचं हॅमरेज झालेल्यांसाठी तो विचारात घ्यावा असा पर्याय आहे. पण उपकरणावरच गुठळी होऊ नये म्हणून सुरुवातीचे काही आठवडे ते महिने गोळ्या घ्याव्याच लागतात.

गोळी सुरू करायची ठरलीच, तर हॅमरेजनंतर सहसा सात-आठ आठवडे थांबून करतात. धातूची झडप असेल तर त्याआधी. निर्णय काहीही होवो, रक्तदाब १३० बाय ८० च्या खाली ठेवण्यात दोन्ही बाजूंनी फायदा आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर डायक्लोफेनॅक घेणं बंद करा, दारूही. आणि हॅमरेजच्या वेळचा पहिला सीटी स्कॅन, त्याच्या फिल्मसकट किंवा सीडीसकट, जपून ठेवा. हृदयाच्या आणि मेंदूच्या, दोन्ही डॉक्टरांकडे जाताना तो सोबत न्या.