ताटातला रक्तदाब (लेखांक ६) : टोमॅटो खा, पण मीठ न भुरभुरता

मागच्या लेखांकात मिठाबद्दल लिहिलं, तेव्हाच ‘मग खायचं तरी काय?’ हा प्रश्न येणार हे ठरलेलं होतं. म्हणून आज टोमॅटो. ‘रोज टोमॅटो खा, बीपीची गोळी सुटेल’ असे निरोप मोबाइलवर सतत फिरत असतात. त्यातला पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे. दुसरा धोक्याचा आहे.

शंभरेक ग्रॅमच्या मध्यम टोमॅटोत जवळपास ९५ टक्के पाणीच असतं. उरलेल्यात आपल्या कामाचं म्हणजे सुमारे २४० मिलिग्रॅम पोटॅशियम, आणि सोडियम अवघं ५ मिलिग्रॅम. खरी मेख या जोडीत आहे. सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढवतं आणि दाब चढतो. पोटॅशियम मूत्रपिंडाकरवी ते सोडियम लघवीवाटे बाहेर काढायला लावतं, शिवाय रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल व्हायला मदत करतं.

पण हिशेबही करू. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम सुचवते. ते एकट्या टोमॅटोतून मिळवायचं तर रोज जवळजवळ दीड किलो टोमॅटो खावे लागतील! तेव्हा डाळी, केळी, पालेभाज्या, शहाळं यांच्या पंगतीतला तो एक, इतकाच त्याचा मान. भाव शंभरी ओलांडतो त्या आठवड्यात तो वगळला तर बीपीचं काही बिघडत नाही.

टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन हे दुसरं कारण सांगितलं जातं. रक्तवाहिन्यांच्या अस्तराची झीज ते रोखत असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. कच्च्या टोमॅटोतून मात्र ते आपल्याला जेमतेम मिळतं. जर्मनीतल्या संशोधकांनी १९९२ साली टोमॅटोचा रस थोड्या मक्याच्या तेलाबरोबर तासभर उकळून लोकांना पाजला. कच्च्या रसापेक्षा त्या रसातून लायकोपीन रक्तात कितीतरी जास्त उतरलं. उष्णतेने पेशींच्या भिंती फुटतात आणि लायकोपीन तेलात विरघळतं. फोडणीत परतलेला टोमॅटो आणि सार यांची बाजू इथे भक्कम होते. आजीला हे सगळं ठाऊक होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. तिने फोडणी चवीसाठीच घातली होती.

आता मुद्द्याचा प्रश्न, आकडा खरंच उतरतो का? इस्रायलमधल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सौम्य उच्च रक्तदाबाच्या ३१ जणांना आठ आठवडे टोमॅटोच्या अर्काची कॅप्सूल दिली, तेव्हा वरचा आकडा सरासरी १४४ वरून १३४ वर आला. घट चांगली आहे, पण माणसं थोडी आणि खाल्ला तो अर्क, टोमॅटो नव्हे. जपानमधल्या कुरियामा गावात लोकांना वर्षभर टोमॅटोचा रस दिला. त्यांतल्या बीपी वाढलेल्या पण गोळी सुरू नसलेल्या ९४ जणांचा वरचा आकडा १४१ वरून १३७ वर आला. तुलनेला रस न पिणारा गट नव्हता, म्हणून सगळं श्रेय रसाला देता येत नाही. स्पेनमधल्या सात हजारांवर ज्येष्ठांच्या पाहणीत दिवसाला ११० ग्रॅमहून जास्त टोमॅटो खाणाऱ्यांना, ४४ ग्रॅमहून कमी खाणाऱ्यांच्या मानाने, उच्च रक्तदाब जडण्याचा धोका ३६ टक्के कमी आढळला. पण भरपूर टोमॅटो खाणारा माणूस भाज्याही जास्त खातो, चालतोही जास्त. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. माझं मत विचाराल तर फायदा आहे, पण तो थोडा आहे.

आणि तोही आपण ताटातच घालवतो. जपानमधला तो रस बिनमिठाचा होता, हे निरोप फिरवणारे सांगत नाहीत. आपल्याकडे टोमॅटोच्या चकत्या ताटलीत मांडल्या की लगेच त्यांवर मीठ आणि चाट मसाला पडतो, आणि पाच मिनिटांत चकत्यांना पाणी सुटतं. पाव चमचा मीठ म्हणजे साधारण दीड ग्रॅम, त्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. दिवसाची मिठाची मर्यादा पाच ग्रॅम. तिचा जवळपास तिसरा हिस्सा या एका ताटलीत संपला! सैंधव घातलं तरी फरक पडत नाही, तेही मीठच. टोमॅटो सॉसमध्ये तर शंभर ग्रॅमला ९०० मिलिग्रॅमच्या घरात सोडियम असतं, म्हणून सॉसला टोमॅटोत धरूच नका. पाकिटातल्या सूपचं लेबलही एकदा वाचा.

कोशिंबिरीत मिठाऐवजी लिंबू, जिरेपूड, कोथिंबीर आणि दाण्याचं कूट घाला. कुटातल्या तेलाने लायकोपीनलाही हातभार लागतो.

ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे, त्यांनी मात्र टोमॅटोचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, कारण त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठू शकतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांच्या रक्तातही ते वाढू शकतं. त्यांना रोजच्या एखाद-दोन टोमॅटोंची भीती नको, पण पेलेभर रसाचा नेम धरायचा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि बीपीचा आकडा कितीही चांगला आला, तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका.