निरोप कोणाच्या तोंडून जातो?

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,



मंडळ्यांमध्ये कार्याची माहिती द्यायला गेले की एक प्रश्न हमखास येतो : तपासणी मोफत, औषध मोफत, मग आदिवासी बांधव शिबिराला का येत नाहीत? प्रश्न रास्त आहे, कारण शिबिराचा खर्च आपल्या दानातून होतो. याचे बरेचसे उत्तर बोलावणे कसे गेले, यात असते. सिकलसेलच्या तपासणीवरून ते सांगते.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातपाय, पाठ, छाती यांत असह्य कळा येतात. सातपुड्यातील भिल्ल, पावरा, मावची या समाजांत तो आढळतो. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले. पहिली चाचणी बोटातल्या थेंबभर रक्तावर होते. अडचण अशी की वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो. धडधाकट माणसाने रोजगार बुडवून सुई टोचून घ्यायला का यावे? नुसती तारीख आणि ठिकाण कळवून हे काम होत नाही.

छापील पत्रक. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेले पत्रक तिथे येणाऱ्यालाच दिसते. धडगाव-अक्कलकुव्याकडे एका गावाचे पाडे डोंगरउतारावर लांब-लांब विखुरलेले असतात. शिवाय पत्रक मराठीत, आणि घरात बोली पावरी किंवा भिली. पत्रकाचा खरा उपयोग सेविकेच्या हाती आहे : तिला तारीख व ठिकाण अचूक सांगता येते.

मोबाइल. व्हॉट्सॲपवरचा संदेश शिक्षकांना, आरोग्यसेवकांना, शिकलेल्या तरुणांना पोहोचतो. पण अनेक पाड्यांवर रेंज नसते आणि फोन बहुधा घरातल्या पुरुषाकडे असतो. लिहिण्यापेक्षा बोलीत बोलून पाठवलेला निरोप अधिक चालतो. छत्तीसगडमध्ये 2010 साली सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमात लोक साध्या फोनवरून आपल्या बोलीत बातमी नोंदवतात आणि ऐकतात. वाचता न येणाऱ्यालाही त्यामुळे बोलता आले.

आठवडे बाजार. मीठ-मिरचीसाठी डोंगरातून सगळे बाजाराला उतरतात. तिथे सांगितलेली बातमी संध्याकाळपर्यंत पाड्यापाड्यावर जाते. बाजार बातमी पसरवतो. मनातली शंका मात्र तिथे फिटत नाही.

गावचा कारभारी आणि पाड्याची बैठक. बाहेरून येऊन कोणी रक्त मागितले की संशय येणारच. ‘रक्त कशाला नेता?’ हा प्रश्न बैठकीत मोठ्याने विचारला गेला आणि गावच्या जाणत्या माणसासमोर उत्तर मिळाले, की निम्मे काम होते. कारभाऱ्याने आधी आपले बोट पुढे केले, तर पुढच्यांना धीर येतो.

घरभेट. शेवटचा होकार उंबरठ्यावर मिळतो. आशाताई किंवा अंगणवाडी सेविका त्याच पाड्यावरची असते. सासूला काय सांगायचे, सुनेला काय, हे तिला कळते. सर्वांत जास्त वेळ आणि श्रम लागतात ते इथेच.

माध्यमाइतकीच वेळही महत्त्वाची. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडणीला आणि इतर मजुरीला गुजरातेत जातात. तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसे व लहान मुलेच भेटतात. होळीला मात्र माणूस कुठेही असो, गावी परततो. म्हणून निरोप होळीच्या आधीच्या बाजारांत द्यावा आणि तपासणी सण उरकल्यावर, लोक पुन्हा बाहेर पडण्यापूर्वी ठेवावी.

एक गोष्ट आवर्जून सांगते. बोलावणे चारचौघांत द्यावे, पण तपासणीचा निकाल कधीही चारचौघांत देऊ नये. ‘अमक्याची मुलगी वाहक आहे’ हे बाजारात किंवा व्हॉट्सॲपच्या गटात गेले, तर तिचे लग्न अडते आणि पुढच्या वेळी त्या पाड्यावरून कोणी येत नाही. निकाल एकट्याला, समोर बसून, त्याच्या बोलीत सांगावा. वाहक म्हणजे रोगी नव्हे. जोडीदाराची तपासणी लग्नाआधी व्हावी एवढेच, हेही तेव्हाच समजवावे.

पवित्र शास्त्रात नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लोकांपुढे नियमशास्त्र वाचतो, पण काम तेवढ्यावर थांबत नाही. लेवी लोकांना अर्थ समजावून देतात आणि मग लोक रडतात, आनंद करतात, उठून कामाला लागतात. पेन्टेकॉस्टच्या दिवशीही प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले. समजले तेव्हाच प्रतिसाद आला.

म्हणून पुढे आमच्या अहवालात शिबिराच्या खर्चापुढे घरभेटींचा प्रवास आणि बोली जाणणाऱ्या सेविकांचे मानधन दिसले, तर तो वरखर्च समजू नका. शिबिर तिथूनच सुरू होते.

प्रार्थनेसाठी विषय : डोंगर चढून घरोघरी जाणाऱ्या सेविकांचे आरोग्य व सुरक्षितता, स्थलांतरित कुटुंबांचे सुखरूप परतणे, आणि निकाल ऐकणाऱ्या तरुण मुलामुलींना धीर.

आपली प्रभूमधील भगिनी