भटकंतीसाठी चाकू घेताय? आधी हे वाचा 🔪

झाशीच्या लक्ष्मी गेटमधून बाहेर पडलं की लक्ष्मी ताल आणि महालक्ष्मी मंदिर. इथली भटकी मंडळी पुढे ओरछ्याला, बेतवाकाठी जातात. तिथे चाकू लागतो तो दोरी कापायला, भाजी चिरायला, काठी तासायला. बस्स!

✅ पातं: ३ ते ४ इंच पुरेसं.

✅ पोलाद: कार्बन स्टीलला धार लावणं सोपं, पण गंज लवकर चढतो. कोकणात, सह्याद्रीच्या पावसात स्टेनलेसच बरं. बुंदेलखंडाच्या कोरड्या हवेत कार्बन स्टील चालतं, फक्त पुसून तेलाचा हात फिरवा.

✅ घडीचा की अखंड? घडीचा खिशात मावतो. अखंड चाकू जास्त मजबूत आणि धुवायला सोपा.

आता रिव्ह्यूंबद्दल. बरेच रिव्ह्यूवाले पात्यावर लाकूड ठोकून ओंडके फोडतात आणि पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत नसेल तर चाकू बाद ठरवतात. स्वीडनच्या मोरा कंपनीच्या ‘कंपॅनियन’ चाकूचं पोलाद तिथवर जात नाही, तरी तो जगभर वापरला जातो. म्हणून रिव्ह्यूवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, बघताना तीन प्रश्न विचारा: चाकू फुकट मिळालाय का? खरेदीच्या लिंकवर कमिशन आहे का? काही महिने वापरून पुन्हा मत दिलंय का?

⚠️ अभयारण्यात झाडाला पातं लावू नका. विमानात चाकू केबिन बॅगेत चालत नाही. शस्त्र नियमांमुळे ९ इंचांहून लांब पात्यांच्या भानगडीत पडू नका.

साधा चाकू घ्या, धार लावायला शिका!