बालसाहित्यातील पात्रे आणि व्यापारचिन्हांची नोंदणी

एखादे पात्र बालवाचकांच्या मनात घर करून बसले, की ते पुस्तकाच्या पानांत फार काळ राहत नाही. खेळणी, कपडे, दप्तरे, चित्रपट अशा नाना रूपांनी ते बाजारात अवतरते. बीट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेने आपल्या पीटर नावाच्या सशाचा बाहुला १९०३ सालीच लंडनच्या पेटंट कार्यालयात नोंदविला होता. पात्राचे आर्थिक मूल्य ग्रंथविक्रीपुरते मर्यादित नसते, ही जाणीव इतकी जुनी आहे. परंतु हे मूल्य कोणत्या कायद्याने व कोठवर रक्षिले जाते, याचे उत्तर वरवर भासते तितके सरळ नाही.

या बाबतीत दोन भिन्न अधिकारांची गल्लत होते. स्वामित्वहक्क, म्हणजेच कॉपीराइट, निर्मितीचे रक्षण करतो; तो रचनेबरोबर आपोआप जन्मास येतो आणि ठराविक मुदतीनंतर संपुष्टात येतो. व्यापारचिन्ह ही मालाच्या उगमाची खूण होय. ती पाहून ग्राहकाने माल कोणाचा हे ओळखावे, हेच तिचे कार्य. साहजिकच या अधिकाराचा पाया कल्पकता हा नसून व्यापारातील वापर हा आहे. भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमानुसार नोंदणी १० वर्षांची असते व तिचे नूतनीकरण कितीही वेळा करता येते. तथापि सलग ५ वर्षे वा अधिक काळ चिन्ह वापरलेच नाही, तर ते नोंदवहीतून काढून टाकता येते. शिवाय नोंदणी ४५ वर्गांत विभागलेली आहे. मुद्रित साहित्य १६ व्या, तयार कपडे २५ व्या, खेळणी २८ व्या, तर करमणूक ४१ व्या वर्गात येते. पुस्तकांसाठी झालेली नोंदणी कपड्यांस आपोआप लागू होत नाही.

या तत्त्वांची कसोटी नॉडीच्या वादात लागली. एनिड ब्लायटन यांनी १९४९ साली निर्माण केलेला हा लाकडी बाहुला जगभर लोकप्रिय झाला. दिल्लीतील एका खटल्यात मुलांच्या तयार कपड्यांवर ‘नॉडी’ हे नाव वापरणाऱ्या प्रतिवादींनी आपला वापर १९९५ पासूनचा असल्याचे दाखविले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली हक्कधारक कंपनीचा मनाईहुकुमाचा दावा मान्य केला नाही. नोंदणीकृत चिन्हाचा वापर व त्याची नोंदणी या दोहोंच्या आधीपासून जो तेच चिन्ह सातत्याने वापरीत आहे, त्यास अधिनियमाचे कलम ३४ संरक्षण देते. पात्राची विदेशातील कीर्ती कितीही मोठी असली, तरी या देशातील वापर व लौकिक पुराव्याने सिद्ध करावा लागतो, हा या निर्णयाचा बोध होय.

याच पात्राच्या बाबतीत मुदतीचाही प्रश्न उद्बोधक ठरतो. भारतात ग्रंथ व चित्रे यांवरील स्वामित्वहक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. नॉडीचे आद्य चित्रकार हार्मसेन व्हॅन डर बीक १९५३ साली निवर्तले. अर्थात त्यांची चित्रे भारतात २०१४ च्या प्रारंभापासून मुक्त आहेत. ब्लायटन १९६८ साली वारल्या. म्हणून त्यांच्या कथा प्रचलित कायद्यानुसार २०२८ अखेर मुक्त होतील. त्यानंतर मराठी प्रकाशकास त्यांचा अनुवाद विनापरवाना छापता येईल. मात्र ‘नॉडी’ या नावाने खेळणी विकावयाची झाल्यास व्यापारचिन्हांची नोंदवही पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

येथेच खरा पेच आहे. मुदत संपलेली निर्मिती समाजाची व्हावी, हे स्वामित्वहक्काचे सूत्र. चिन्ह वापरात असेतो मालकाचेच राहावे, हे व्यापारचिन्हाचे. पहिल्याने मुक्त केलेले पात्र दुसऱ्याच्या आधारे कायमचे बांधून ठेवले जाऊ नये, म्हणून न्यायालयांस उगमाची खूण आणि प्रत्यक्ष निर्मिती यांतील भेद काटेकोरपणे जपावा लागेल. दुसऱ्या बाजूने, ज्या निर्मात्यास आपल्या पात्राचा व्यापार स्वतःच्या हाती ठेवावयाचा आहे, त्याने लोकप्रियतेवर विसंबून न राहता योग्य त्या वर्गांत वेळीच नोंदणी करणे व चिन्ह प्रत्यक्ष वापरात ठेवणे अगत्याचे आहे.